पेटी कारखान्यात आहे

दादा,

हत्यारांची पेटी पलंगाखाली शोधू नकोस. सकाळीच मी ती फर्निचरच्या कारखान्यात तुझ्या जागेवर परत ठेवून आले.

लाकूड कापायचं नवं मशीन आलं, हे खरं. मालक तुझ्याशी बोलत नाही, हेही खरं. पण तो तुला काढणार, हे तुझ्या घाबरट डोक्यातलं! अरे, त्याने दाढ काढून घेतलीय. गाल टम्म सुजलाय, बायकोशीसुद्धा खुणेनेच बोलतो.

मशीनवर कुणाला बसवणार, ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही, तरी शूरवीर नोकरी सोडून मोकळा!

वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही. जेवून घे आणि पेटी आणायला म्हणून जा. गेलास की मालकालाच विचार, मला काढणार का म्हणून. हो की नाही, एवढं मानेनेही सांगता येतं.

— धाकटी