सूर्याच्या कोरी

१७ सप्टेंबर १९९५

न्हाई म्हणजे न्हाई! याडीनं एका वाक्यात निकाल लावला. "पोटुशी बाई गिराणात बाहेर पडत न्हाई. गप घरात बसायचं." सासूला आमी तांड्यावर याडी म्हणतो, म्हणजे आईच. पण आज मला ती सासूच वाटली, पक्की सासू!

वसमतच्या शाळेत मोहिनीबाईंनी फळ्यावर तारीख लिहिली होती, २४ ऑक्टोबर १९९५. "मुलींनो, तेव्हा कुठंही असा, सूर्यग्रहण चुकवू नका." तेव्हापासून वाट बघून राहिले. आणि नेमका तेव्हा मला सातवा महिना!

१८ सप्टेंबर

काल रागात लिहिलं. खरं ते आज लिहिते.

पहिलं लेकरू पोटातच गेलं. तेव्हा ना गिराण होतं ना काही. गिराणाचं मला पटत न्हाई. पण भीती वाटते. ह्या खेपेला काही झालं तर लोक राहू दे, मीच मला माफ करणार न्हाई. म्हणून आत बसेन. कुणी पाहिलं न्हाई म्हणून लिहिते, रडले.

९ ऑक्टोबर

ह्यांचा डोंगरकडा गावात फोटो स्टुडिओ. नांदेडहून नवा रोल आणलाय, कॅमेऱ्यासाठी काळी काच आणलीय. "मी तुझ्यासाठी फोटो काढून आणतो, मग झालं की!"

बोंबला! फोटो काय, पेपरातबी येईल. माणूस चांगलाय, पण कळत काही न्हाई.

२३ ऑक्टोबर

युक्ती सापडली!! मोहिनीबाईंनी एकदा आमाला लिंबाखाली नेलं होतं. पानांतून खाली पडतात ते उन्हाचे कवडसे गोल का असतात? तर प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र! गिराणात ते सगळे कोर होतात म्हणाल्या. गिराण सकाळचं, आमचं दार मावळतीला. दारासमोरच लिंब. आतल्या आत बसून, वर न बघता, मला लिंबाखालची जमीन दिसते. याडीचंबी राहिलं, माझंबी राहिलं. उद्या!

२४ ऑक्टोबर

नीट लिहिते.

पहाटेच याडीनं पेटी उघडली. तिच्या लग्नाचा फेटिया काढला. तो जाडजूड, आरशाच्या काचांनी भरलेला घागरा ती सणालाच काढते. आणि टांगला कुठं? लिंब आणि माझ्या दाराच्या बराबर मधी, दोरीवर! लिंबाखालचं बोटभर दिसेना. "याडी, आजच काहून?" म्हटलं. "दिवाळीचं ऊन देते त्याला. तू आत बस." असा संताप आला! हे कॅमेरा घेऊन माळावर गेले, नणंद शिला पोरींसंगं गेली. याडी उंबऱ्याच्या कडेला माझ्याकडं पाठ करून बसली. आणि मी आत, कणगीला टेकून, पोटावर हात ठेवून.

मग ऊन घरावरून पलीकडं उतरलं आणि फेटियावर पडलं. त्या काचांचे कवडसे थेट आत! मागच्या भिंतीवर, कणगीवर, माझ्या पदरावर. काचा चौकोनी, तिकोनी, कशाबी तुटलेल्या, पण भिंतीवर सगळे गोल! मी उठूनच बसले. बघता बघता प्रत्येक गोलाचा एका बाजूनं घास गेला, लेकरानं भाकर तोंडात घालावी तसा. सगळ्यांचा एकदम! मग अर्धे. मग कोरी. भिंतभर सूर्याच्या कोरी, वारा आला की सगळ्या हलायच्या.

एक कोर माझ्या पोटावर आली. सरकू का? सरकले न्हाई. आणि आतून लेकरानं पाय मारला! असा जोरात की मी हसलेच, तोंडावर पदर धरून. याडीला कळलं तर उठून फेटिया काढील, ही भीती. पण तिनं एकदाबी मागं वळून पाहिलं न्हाई.

गिराण सुटलं तेव्हा आंघोळ केली. सूर्या, तुझे लई उपकार. त्या काचांचेबी. याडीनं दार झाकायला टांगला न् मला घरबसल्या सगळं मिळालं! तिला मात्र सांगायचं न्हाई.

२९ ऑक्टोबर

रोल धुऊन आला. काळं, काळं, आणि मधी साबुदाण्याएवढा एक ठिपका! ह्यांचं तोंड बघवेना. मग रात्री ह्यांना तेवढं भिंतीवरचं सांगितलं. "अगं, मग मी माळावर कशाला गेलो?" म्हणाले.

२ नोव्हेंबर

गेरू भिजवून भिंतीवर कोरी काढल्या, आठवल्या तशा. याडी बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, आता विचारणार. "बारीक काढल्यास," एवढंच म्हणाली आणि शेरडांकडं गेली.

१९ जानेवारी १९९६

मुलगी! धडधाकट! काय आवाज आहे! याडीनं तिला आधी उन्हात नेली, मग माझ्याकडं दिली. देवा, काही म्हणजे काही मागणं उरलं न्हाई.

६ ऑक्टोबर १९९६

दिवाळीचं सारवण. याडीनं सगळी भिंत सारवली, कोरींपाशी हात थांबवला. "तेवढं राहू दे. पोरीला दाखवायला होईल."

१ मे १९९९

आजपासून आमचा जिल्हा हिंगोली! परभणीच्या खेपा सुटल्या. हे पेढे घेऊन आले, पोरीनं निम्मे संपवले.

१० ऑगस्ट १९९९

उद्या परत गिराण, सांजचं. शिला बाळंतपणाला आलीय, दिवस भरत आलेत. सकाळपासून तोंड फुगवून बसलीय, तिला बाहेर जायचंय. ढग आहेत, पण मधून ऊन पडून राहिलंय. तिला कसं सांगावं, आणि याडीसमोर कसं सांगावं, मला सुचेना.

भाकर थापता थापता याडी म्हणाली, "मिना, पेटीतला फेटिया काढ. उद्या ऊन मावळतीचं, मागल्या दारापुढं टांग, जरा लांब. ही शिला माझ्या पोटात होती तवा मला दिसलं, मग तुला दिसलं. हिलाबी दिसू दे."