एकवीस मतांचा वाटा

७ डिसें., रवि.
बंदर समितीचं मतदान झालं. जागा तीन, गट दोन: होडीवाले आणि मासळी सुकवणाऱ्या बायका. नियमात इतकंच, 'मतांच्या प्रमाणात जागा'. शाळेची मास्तरीण म्हणून मोजणी माझ्याकडे. होडीवाले ७१, बायका २१. दोघांची मतं १, २, ३ ने भागली, सगळ्यांत मोठे तीन आकडे काढले. तिन्ही होडीवाल्यांचे. म्हणजे किनाऱ्यावरच्या वलांड्या, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या रांगा, उठणार, तिथे बर्फाच्या गाड्या उभ्या राहणार. बायकांची पुढारी माझीच आय. नुसती म्हणाली, "बरं." मला जेवण गेलं नाही.

८ डिसें., सोम.
मधल्या सुट्टीत पुन्हा आकडेमोड. १, ३, ५ ने भागलं तर बायकांना एक जागा! हीसुद्धा मान्य पद्धत आहे. धावत घरी. वाटलं, आय नाचेल. कसचं काय.
"वाटं तू घातलंस ना? मंग आपला वाटा शेवटी."
किनाऱ्यावर मासळीचे वाटे घालणारी स्वतःचा शेवटी उचलते, तो रिवाज.
"मोजून झाल्यावर माप बदलायचा न्हाय गो बाय."
रागच आला. हिच्यासाठीच चाललंय ना सगळं!

१० डिसें., बुध.
आयने बैठक बोलवायला लावली. अध्यक्ष पांडूकाका, स्वतः होडीवाले.
आय: "तुमच्या एका जागंमागं तेवीस-चोवीस मानसं. आमी एकवीस. दोन-तीन कमी, तं आमी कोनीच न्हाय?"
काका: "नि तुला एक दिली तं आमच्या जागंमागं पस्तीस, तुझ्या एकवीस. ह्यो न्याय?"
त्यांचंही खोटं नाही. आय हसली. "म्हणून आज जागा मागत न्हाय. माप आधी ठरवा, मंग परत मतं घ्या."
शाळेची पायरी न चढलेली माझी आय! छाती भरून आली. काका म्हणाले, "रविवारी माप ठरवू, मंग परत मतं."

१३ डिसें., शनि.
माप उद्या सकाळी हात वर करून ठरणार. हात होडीवाल्यांचे जास्त, हे आयलाही कळतं. काकांनी विचारलं, मोजशील ना? म्हटलं, नाही, मी तिची मुलगी आहे. चारचौघांत, मोठ्याने.
संध्याकाळी आय वलांडीची मोडकी काठी बदलत होती. म्हटलं, "उद्या ही वाळवणाची जागा राहते की नाही, आणि तू..."
"बोंबील आज आलाय."
मी पदर खोचला आणि काठीचं दुसरं टोक धरलं.