एन्झाईम ही माणसे नसल्याबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
मनुष्यबळ पडताळणी कक्ष, शाहूपुरी, कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती अक्काताई शिवमूर्ती हेब्बाळे, रसायन कारखाना, हुपरी रस्ता.

विषय : कारखान्याचे टाळे काढणेबाबत.
संदर्भ : आपली 'सामूहिक मृत्यू' नोटीस.

महोदय,

१. अर्जदार बाईंच्या कारखान्यात साबणाला लागणारे सुवासिक रसायन बनते. पूर्वी त्यासाठी तेजाब ओतून भट्टी पेटवावी लागे. दोन वर्षांपूर्वी बाईंनी एन्झाईम आणले. साबुदाण्याएवढ्या दाण्यांवर बसवलेली ही प्रथिने कोमट टाकीत तेच काम बिनबोभाट करतात. टाकी आकाराम चौगुले एकटा सांभाळतो.

२. आपल्या माहितीपत्रकात 'काम कोण करते?' या रकान्यात बाईंनी हौसेने 'हजारो एन्झाईम, रात्रंदिवस, न थकता' असे लिहिले. चूक मान्य आहे. त्यावरून कक्षाने या एन्झाईमांचा हजेरीपट, साप्ताहिक सुट्टीचा तक्ता व स्वच्छतागृहांची संख्या मागवली.

३. बाई खुलासा करू लागताच, "आधी सगळ्यांना हजर करा," असा तोंडी आदेश झाला. सबब आकारामने टाकीतील सर्व दाणे दोन मोठ्या थर्मासांत भरून आणले. आपल्या शिपायाने थर्मास चहाचे समजून त्यांत उकळता चहा ओतला. इतकी उष्णता एन्झाईमांना सोसत नाही. आकाराम ओरडला, "मेली की वो सगळी!" लेखनिकाने ते शब्दशः नोंदवले.

४. त्याच दिवशी कारखान्याला टाळे लागले व मयतांचे वारस विचारण्यात आले. आकाराम भाबडेपणाने म्हणाला, "म्याच सांभाळलीया न्हवं!" तेव्हापासून तो दप्तरी हजारो मयतांचा एकमेव वारस आहे. कामगार म्हणून मात्र त्याचे नाव कुठेच नाही, कारण त्या रकान्यात बाईंनी ते लिहिलेच नव्हते. नऊ वर्षे भट्टीपाशी राबून त्याच्या हातांवर तेजाबाचे डाग पडले आहेत. बाईंना टाळ्यापेक्षा हे जास्त लागले आहे.

५. तरी टाळे काढावे. तूर्त ते नियमात बसत नसल्यास, निदान आकारामला अकरा वर्षांचा हयात कामगार म्हणून आजच नोंदवून घ्यावे, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र व खोळंबलेली,
अक्काताई शि. हेब्बाळे
दि. १८ मार्च

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) थर्मास दोन, चहासह.
३) आकाराम चौगुले, समक्ष. बाहेर बाकावर बसला आहे.