डाव्या पंखाच्या गाठी

जळगाव,
१२ जानेवारी १९८७

प्रिय नाना,

तीर्थरूप लिहायला हात वळला नाही, म्हणून प्रिय. रागावू नका.

मावशीकडे पेपर येतो, त्यात फोटो बघितला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं ते जुनं विमान काय झळकतंय! वर पंख, खाली मोटारीसारखी काचेची केबिन, आणि दाराशी तुम्ही नि लीलाधर. खाली छापलंय, बापलेकांनी सात वर्षं खपून उभं केलं. माझ्या भावाने सात वर्षांत सुईत दोरा ओवलेला मला तरी आठवत नाही. आता सव्वीस जानेवारीला धुळ्याच्या मैदानावरून तुम्ही ते उडवणार, मागच्या सीटवर तो बसणार. छान. मुलगाच बसायला हवा ना!

मला मात्र आपली शेड आठवते. पंखाचा लाकडी सांगाडा उभा करून ठेवलेला, त्यावर कापड ताणलेलं, अलीकडे मी, पलीकडे तुम्ही. हातभर लांब सुई तुम्ही आरपार टोचायची, मी ओढून परत पाठवायची, आणि दर टाक्याला गाठ मी मारायची. दिवसभर एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. रोगणाच्या वासाने डोकं भणभणायचं, तरी मी सुखात होते. गाठी सुटल्या तर वर हवेत पंखाचं कापडच उडून जाईल, पण धुरपदाची गाठ तपासावी लागत नाही, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात.

मग रावेरहून तोतारामची माणसं मला बघायला आली. मला तो आवडला होता, नाना, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. त्यांचा चहा संपायच्या आत तुम्ही म्हणालात, “अजून डावा पंख बाकी शे. मंग देखू.” ती माणसं पुन्हा आली नाहीत. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आता बत्तीस. त्याच दुपारी तुम्ही मला शिवायला हाक मारलीत, आणि मी गेले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या दुपारी काही टाक्यांना मी गाठच मारली नाही, नुसता दोरा ओढून घेतला. किती आणि कुठे, ते सांगणार नाही. कदाचित सगळ्या मारल्याही असतील. वरून पट्ट्या चिकटल्या, रोगणाचे हात बसले. बघायचं तर अख्खा पंख उसवावा लागेल, आणि चौदा दिवसांत ते होत नाही. सव्वीसला मी येणार आहे, अगदी पुढे उभी राहीन. तुम्ही विमानात बसता का, आणि बसण्याआधी लीलाधरला काही सांगता का, एवढंच मला बघायचंय.

तुमचीच,
धुरपदा