आदर्शने आणलेले इंजिन

मी, मष्णू भावकू मुतगेकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार अनगोळ, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. स्मरण शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. वकिलांनी करून दिलेला मसुदा दीड पानाचा होता. त्यात मालमत्ता सगळी आली होती, पण जे सांगायचे ते राहिले होते. म्हणून पुन्हा माझ्या हाताने लिहीत आहे.

१. अनगोळातील राहते घर माझी पत्नी मनुबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला तिथून कोणी हलवू नये. तिच्यामागे घर माझी सून नीलम आणि नात ऋतिका यांचे समान हक्काने होईल. बँकेतील ठेव मनुबाईची.

२. नीलमने पुन्हा लग्न केले तरी वरील हक्कास बाध येणार नाही. ती एकतीस वर्षांची आहे. भावकीतल्या ज्यांना हे खटकेल त्यांनी माझ्या दिवसाला येऊन जेवून जावे आणि तोंड बंद ठेवावे.

३. सन १९५६ ची एमजी मॅग्नेट मोटार, रंग गर्द हिरवा, सध्या माझ्या नावे असलेली, मी नीलमला देतो. तिने ती ठेवावी अगर विकावी. ही मोटार माझ्याकडे कशी आली आणि तिच्यात आज दुसरे इंजिन का आहे, हे या कलमाचा भाग समजून वाचावे.

मोटार मूळची कॅम्पातील जयाबाईंची. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान गेल्यावर वीस वर्षे गाडी शेडमध्ये पडून होती. "मष्णू, एकदा चालताना बघायची आहे," म्हणून त्यांनी ती २०१९ साली माझ्या गॅरेजात पाठवली. अशी गाडी या भागात दुसरी मी पाहिलेली नाही. काम मात्र माझ्या मुलाने, आदर्शने केले. गंजलेला तळ कापून नवा पत्रा बसवला, लाकडी डॅशबोर्ड घासून पॉलिश केला, मीटरचे काटे चिमट्याने जुळवले. दोन वर्षे तो त्या गाडीत होता. मी बहुतेक वेळ खुर्चीत बसून चुका काढल्या.

२०२१ च्या मार्चमध्ये पहिल्या चाचणीला आम्ही खानापूर रस्त्याने निघालो. परतताना इंजिन तापले. आदर्शने गाडी कडेला घेतली.

"अण्णा, तासभर गार होऊ दे. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका," म्हणाला आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.

पाच वाजता जयाबाई फाटकात वाट बघणार होत्या. मला धीर धरवला नाही. फडके घालून झाकण उघडले आणि कॅनमधले गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतले. आतून बारीक आवाज आला, काच तडकावी तसा. ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या ओतीव सांगाड्याला, उभी चीर गेली होती. नवशिक्याही करणार नाही असे काम मी चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर केले.

दुसऱ्या दिवशी जयाबाई गॅरेजात आल्या. विचारले, "काय झालं?" दोनतीन गिऱ्हाइके उभी होती. मी म्हणालो, "पोरानं घाई केली." आदर्श जॅक पुसत होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि पुन्हा जॅक पुसू लागला.

ते वाक्य गावभर फिरले. ब्लॉक वेल्डिंग करून बघितला, टिकला नाही. चार महिन्यांत आदर्श गॅरेज सोडून गेला. बेळगावात जम बसेना, म्हणून निपाणीत नोकरी धरली आणि नीलम व ऋतिकाला घेऊन तिकडे राहू लागला.

पुढच्या वर्षी जानेवारीत त्याचा फोन आला. "अण्णा, इंजिन गावलंय. तंबाखूच्या वखारीत जुनी अँबॅसिडर हाय. दोन्ही इंजिनांची जात एकच. थोडं माउंटिंग बदललं की बसतंय बघा." रविवारी टेंपोत घालून तो स्वतः घेऊन आला. उतरवले, चहा घेतला आणि नंतर बराच वेळ बाकावर बसून राहिला. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला असावा. मी म्हणालो, "पिस्टन बघायला पायजेत." तो "व्हय" म्हणाला आणि उठला.

मार्चमध्ये त्याला ताप आला. पाच दिवस दवाखान्यात होता, सहाव्या दिवशी गेला. वय चौतीस.

इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली होते तसेच दोन वर्षे राहिले. मी त्या कोपऱ्याकडे जात नव्हतो. मग एका सुट्टीत नीलम निपाणीहून आली आणि ओढणी कमरेला बांधून म्हणाली, "अण्णा, ते बसवूया. मला जमंल तेवढं मी धरते."

इंजिन खोलून, रिंगा व बेअरिंगे नवी घालून तयार करायला मला तीन महिने लागले. बसवायच्या दिवशी ती पुन्हा आली. इंजिन चेनपुलीवर टांगलेले होते, मी साखळी धरून होतो आणि ती पुढून इंजिनची पुली हाताने फिरवत होती, कारण गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचच्या प्लेटीत जात नव्हता. एका केसाचा फरक राहत होता. तिसऱ्यांदा हुकल्यावर मी चिडून म्हणालो, "घाई करू नको."

ती थांबली. "घाई त्यांनी केली नव्हती, अण्णा. तुम्ही पाणी ओतताना त्यांनी टपरीवरनं बघितलं हुतं."

माझ्या हातात साखळी होती. सोडता येईना, ओढता येईना.

"मग बोलला का न्हाय?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, अण्णांकडं नावाशिवाय काय हाय? माझ्याकडं अजून लई वर्षं हाईत."

तिने पुली पुन्हा फिरवली आणि शाफ्ट आत गेला. आम्ही बोल्ट आवळले. दोघांपैकी कोणी डोळे पुसले नाहीत. हात ग्रीसने भरले होते.

गाडी घेऊन मी कॅम्पात गेलो आणि जयाबाईंना खरे सांगितले. त्या मागच्या सीटवर बसून चर्चपर्यंत जाऊन आल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "तो माफी मागायला आला होता, मष्णू. तुझ्या चुकीची. मी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. ही गाडी आता माझ्या दारात नको." महिन्याभरात त्यांनी कागद माझ्या नावे केले. नवा इंजिन नंबर नोंदवलेला आहे.

४. गॅरेजची जागा नीलमला देतो; तिने ती भाड्याने द्यावी. पाटीवर माझे नाव ठेवू नये. आदर्शची हत्यारे वेगळ्या पेटीत आहेत, ती विकू नयेत. ऋतिकाला हवी असतील तर तिची.

५. नीलम म्हणाली, "मेल्यावर वाचायला ठेवून काय उपेग? आता सांगा." तिचे बरोबर आहे. म्हणून आज सही करण्यापूर्वी हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांपैकी यल्लाप्पा हे आमच्याच गल्लीत गॅरेज चालवतात. आदर्श निष्काळजी आहे असे ते बाजारात सांगत, म्हणून मी चार वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. ते माझेच वाक्य सांगत होते. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून माझा इंची पान्यांचा संच मी त्यांना काल हातातच दिला.

वाचून झाल्यावर यल्लाप्पांनी हातात घेतलेले पेन खाली ठेवले. मग म्हणाले, "मष्णू, निपाणीला जायच्या आधी तो माझ्याकडं काम मागाय आलता रं. दोनदा. मी न्हाय म्हटलो. हे पण लिव्ह त्यात, मग सही करतो."

त्यांच्या सांगण्यावरून लिहिले.

लिहून देणार : मष्णू भावकू मुतगेकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली.
साक्षीदार :
१. यल्लाप्पा सिद्राय हलगेकर, अनगोळ (सही)
२. साईराज नारायण येळ्ळूरकर, अनगोळ (सही)

स्थळ : बेळगाव
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५