डाव्या पंखाचं कापड

४ नोव्हेंबर

आज झालं ते, क्रमाने:

१. मामाच्या विमानाची वार्षिक तपासणी माझ्याकडे आली. विमान दोन सीटचं. नळ्यांचा सांगाडा, पंखांवर सुती कापड, कापडावर रंग.
२. वरच्या रंगाला बारीक भेगा आहेत. मामा म्हणाला, "घासू, रंग मारू, विषय संपला."
३. मी म्हणाले, आधी कापडाची ताकद बघते. कुठे दाबू, ते त्यालाच विचारलं.
४. त्याने उजव्या पंखावर बोट ठेवलं. मी तिथे स्प्रिंगचा टेस्टर दाबला. काटा हिरव्या पट्ट्यात.
५. कापड बदलायचं नाही, फक्त रंग द्यायचा असं ठरलं.
६. घरी आल्यापासून मला बरं वाटत नाहीये.

सहावा मुद्दा तांत्रिक नाही. तरी राहू दे.

५ नोव्हेंबर

रंग मामीने निवडला. पिवळा. रंग वाळला की मामा तिला पहिल्यांदा वर नेणार आहे. इतकी वर्षं ती कधी बसली नाही. "या सवतीला जन्मभर दुरून पाहिलं. आता एकदा तिच्या मांडीवर बसून बघते!" मामा हसून हसून खोकला.

मग मामी मला म्हणाली, "सही तूच करणार ना? मग मला कसली भीती!"

हो. हे विमान उडण्याजोगं आहे, असं लिहून खाली सही करणारी मी. मी हसले. हसायला जमलं.

७ नोव्हेंबर

पडद्यासाठी कापड घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने काठाला कात्रीचा एक चिमटा दिला आणि उरलेलं दोन्ही हातांनी फाडलं. चर्रर्र — सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रोजचंच काम त्याचं.

मी पैसे दिले आणि कापड तिथेच विसरून आले.

८ नोव्हेंबर

उजव्या पंखावर, तपासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. रंगाखाली कड लागली — बारीक करवतीच्या दातांसारखी. ठिगळाची कड आम्ही तशीच कापतो, उसवू नये म्हणून. म्हणजे तिथे ठिगळ आहे. चौकोनी, हातभर. नवं कापड.

मी ठिगळ तपासलं. पंख तपासलाच नाही.

ठिगळ मामानेच लावलेलं असणार. या विमानाला दुसरं कुणी हात लावत नाही. मग तिथेच बोट का ठेवलं? विसरला असेल. वय झालं.

विसरला असेल, असं मी लिहिलंय खरं.

९ नोव्हेंबर

मामा नसताना डावा पंख तपासला. हँगरच्या दारातून दुपारचं ऊन नेमकं त्याच पंखावर येतं, आणि उन्हाने कापड कुजतं. विमान कायम तसंच उभं असतं, तोंड एकाच दिशेला.

टेस्टर नीट टेकवलासुद्धा नव्हता. काटा लाल पट्ट्यातच राहिला आणि टोक आत गेलं! आवाज अगदी लहान. सुकलेलं पान मोडावं तेवढा.

आणखी तीन जागा बघितल्या. तेच.

शिडीवर बसून राहिले. गेल्या महिन्यात मामा याच पंखाच्या भरवशावर दोनदा उडून आलाय. दोन्ही वेळा खाली उभी राहून मी हात हलवला होता.

१० नोव्हेंबर

मामाला सांगितलं. तो भेगा घासत होता. वर बघितलं नाही.

"भोक पडलं? मग ठिगळ लाव."

"ठिगळ लावायला खाली धड कापड लागतं, मामा. सगळं उतरवावं लागेल."

"दहा वर्षं उडतंय की याच कापडावर!"

"उजवीकडे ठिगळ आहे हे तुला माहीत होतं."

घासणं थांबलं. "तूच विचारलंस कुठे दाबू. मी जागा दाखवली. खोटं कुठे बोललो?"

मग परत खर्र खर्र. जरा वेळाने — "एवढं शिकवलं ते काय मला जमिनीवर बसवायला?"

मला लहानपणी पहिला पाना त्यानेच हातात दिला होता.

११ नोव्हेंबर

रंगाचे डबे आले. पिवळे.

१२ नोव्हेंबर

मामीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, "यांना यंदा उडायचा फिटनेस दाखला मिळाला, पण डॉक्टरांनी बजावलंय, हे शेवटचं. पुढच्या वर्षी सही नाही. तुला बोलले नाहीत?"

नाही बोलला.

आता हिशोब लागला. कापड उतरवायचं, पंखाच्या आतल्या फासळ्या तपासायच्या, नवं चढवायचं, थरावर थर लेप द्यायचा — सुट्टीच्या दिवशी काम करून वर्ष तरी जाईल. रंग दिला तर त्याला एक हंगाम मिळतो. कापड बदललं तर विमान नवं होईल आणि मामाचं उडणं संपेल.

मामीला कापडाबद्दल सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "वर थंडी असते का गं? शाल घेऊ?"

घे म्हणाले. घे! मी असं म्हणाले!

१३ नोव्हेंबर

मामा आला. शांत होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुला सही करायची नसेल तर नको करू. पलीकडच्या धावपट्टीवर एकजण आहे, तो करतो. फार बघत बसत नाही. रविवारी मामीला नेतो."

"मामीला माहितेय?"

"तिला कशाला घाबरवायचं? तू एकटी घाबरतेस तेवढं पुरे."

माझी सही नसली तर जबाबदारी माझी नाही. वाक्य बरोबर आहे. चार वेळा लिहून बघितलं. अक्षर माझं वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

मामाला पाठवलं ते, जसंच्या तसं:

"मामा, डाव्या पंखाचं वरचं कापड आज सकाळी मी टोकापासून बुडापर्यंत कापलं. चुकून नाही. आता त्याला ठिगळ लावता येणार नाही आणि कुणाची सहीही चालणार नाही. मामीला सगळं सांगितलंय. विमान तुझं, ठरवायचा हक्कही तुझा होता. तो मी घेतला. हवं तेवढं रागाव. नवं कापड ताणून चढवायला दोन माणसं लागतात. तू येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव."