भुऱ्याचा दात

कोराडी, १२ नोव्हेंबर

ती. सौ. रंभाकाकूस मयुरीचा सा. न. वि. वि.

फुटबॉलच्या कॅम्पमध्ये सरांनी सगळ्यायचे फोन जमा केले, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली. टीममधल्या हर्षाचा पाय मुरगळला, ती कुहीले घरी जाऊन राहिली, तिच्याजवळ देते.

रविवारी सीझनची पहिली मॅच आहे, आणि गोलमध्ये मीच. काकू, एक गोष्ट तुले सांगितली नाही. मागच्या रविवारी मी सकाळी भुऱ्याले घेऊन धानाच्या बांधा-धुऱ्यावरून फिरायले गेली, तेव्हा त्यानं माझा हात धरला. अंगठ्याजवळ दात लागला. आपलाच लाडाचा कुत्रा, त्याले काय बोलायचं. आमच्या टीमची रीत आहे, गोलकीपरनं पहिल्या मॅचआधी आपल्या वावरातली माती तळहाताले चोळायची, मग मॅच होईपर्यंत त्याले साबण लावायचा नाही. म्हणून मी जखमेवरही मातीच चोळली.

आईले कळलं तर ती खेळू देणार नाही. पण अंगठा ठणकते अन् मले भेव वाटून राहिलं. भुऱ्या बरा आहे ना, एवढं कळव. रागावलीस तरी माया कमी करू नको.

तुझी मयुरी

कुही, १३ नोव्हेंबर

चि. मयुरीस अ. उ. आ.

चिठ्ठी वाचली अन् सूप हातातून पडलं. तुले अक्कल आहे का वं? कुत्र्याच्या दातावर माती चोळते?

लपवत नाही. भुऱ्या परवापासून गोठ्याच्या कोपऱ्यात बसून आहे. भाकर हुंगत नाही. पाणी समोर ठेवलं की अंग चोरते, लाळ गळते, आवाज घोगरा झाला. आम्ही म्हटलं थंडीनं असंल. आता समजलं, हे पिसाळल्याचं लक्षण आहे.

हे पत्र घेऊन तुझे काका आले आहेत, फाटकाशी उभे आहेत. आधी नळाखाली साबणानं हात धू, खूप वेळ. मग त्यायच्या गाडीवर बस अन् सरकारी दवाखान्यात जाय. सरांशी काका बोलतील, तुझ्या आईशी मी बोलीन. मॅच गेली चुलीत.

तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलून राहिली.

तुझी काकू

कोराडी, १६ नोव्हेंबर

ती. सौ. काकूस सा. न. वि. वि.

इंजेक्शनं सुरू झाली. काही तर जखमेतच टोचली. मातीचं ऐकून डॉक्टरीणबाईनं कपाळाले हात लावला, पण म्हणाल्या, सगळे डोस घे, खेळायले हरकत नाही. काका बाकावर बसून रडत होते. विचारलं तर म्हणे धूळ गेली.

आज एक-शून्यनं जिंकलो. पण मले बॉल कुठं दिसत होता, भुऱ्याचं तोंड दिसत होतं. पाणी पेतानाही आधी पाहो, घोट उतरते की नाही. भुऱ्याचं काय झालं? काका सांगत नाहीत. तू सांग. माया आहेच, पत्रातही पाठव.

तुझी मयुरी

कुही, १७ नोव्हेंबर

चि. मयुरीस अ. उ. आ.

भुऱ्या काल गेला. काकांनी हाताले पिशव्या बांधून, खोल खड्डा करून पुरला. त्याचा दोष नव्हता, कोण्या पिसाळलेल्या जनावराशी भिडला असंल.

आता जे लिहिते ते काकांले सांगितलं नाही. तुझी चिठ्ठी यायच्या आदल्या दिवशी, घशात हाडूक अडकलं असंल म्हणून मी त्याच्या तोंडात हात घातला होता. विळा लागलेल्या बोटाची जखम ओलीच होती. तुले आणायले काकांले पाठवलं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, आधी पोरीचं होऊ दे. मग रोज उद्या जाईन म्हणत राहिली.

आज एकटीच दवाखान्यात गेली, पहिलं इंजेक्शन घेतलं. इतके दिवस काहून थांबल्या, असं नर्सबाईनं विचारलं. मी हात पुढं केला.

मले लई भेव लागून राहिलं मयुरे. गुरुवारी पुढचं आहे. लोभ असंल तर ये, माझ्याजवळ बस.

तुझी काकू